नाव इंटर्नशिप, हाती सर्टिफिकेट

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सेमिनार हॉलमध्ये पाचवं सत्र संपत आलं की एक भाषण हमखास होतं. वक्ता कुठल्यातरी कंपनीत वरच्या जागेवर असतो, बहुधा त्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. इंटर्नशिपला निघालेल्या मुलांना तो सांगतो: मिळेल ते काम घ्या, कशालाही नाही म्हणू नका, पैशाकडे बघू नका, ओळखी वाढवा, संधीचं सोनं करणं तुमच्याच हातात आहे. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, ट्रेनिंग-प्लेसमेंट बघणारे टीपीओ सर आभार मानतात. मग त्यातल्या ओळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि घरोघरी तोच उपदेश सुरू होतो.

या उपदेशातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. दर हंगामात टीममध्ये इंटर्न येतात आणि त्यांनी लिहिलेलं तपासणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. एवढं बघितल्यावर ठामपणे सांगते, की दोन महिन्यांचं सोनं होणार की माती, हे मुलाच्या उत्साहावर फार थोडं अवलंबून असतं. ते ठरतं एका साध्या गोष्टीवर: त्याने केलेलं काम तिथलं एखादं जाणतं माणूस बारकाईने वाचतं की नाही. वाचत असेल तर साधारण वकुबाचं मूलही आठ आठवड्यांत कुठल्या कुठे जातं. वाचत नसेल तर हुशार मूलही आलं तसं परत जातं, फक्त बॅगेत एक कागद जास्त असतो.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. कामचुकार मुलं असतात. साडेअकराला उगवतात, हेडफोन लावून रील बघतात, चार वाजता ‘मॅम, कॉलेजात सबमिशन आहे’ म्हणून सटकतात. त्यांना कुठेही, कोणाच्याही हाताखाली काही मिळणार नाही. पण हा उपदेश त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, ते मागच्या बाकांवर पेंगत असतात. तो मनावर घेतात पुढच्या तीन रांगांतली मुलं. ती मुळातच मेहनती असतात आणि मुळातच भिडस्त. त्यांना ‘नाही म्हणू नका’ हे वेगळं शिकवायची गरज नसते. त्यांच्या घरीदारी, शाळा-कॉलेजात दुसरं काही शिकवलेलंच नसतं.

‘काम वाचणं’ म्हणजे काय, ते जवळून दाखवते. समजा, बिलिंगच्या प्रणालीत ग्राहकाने पाठवलेली सीएसव्ही फाइल वाचून त्यातल्या तारखा साठवायच्या, एवढं काम तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला दिलं. तिने दीड दिवसात कोड लिहिला. तिच्या लॅपटॉपवर तो चालला. तिने पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे कोड तपासून मुख्य प्रणालीत घ्या अशी विनंती. कॉलेजात गोष्ट इथे संपली असती: आउटपुट आलं, प्रिंटआउट जर्नलला लावली, सही झाली. ऑफिसात ती इथून सुरू होते. तपासणारा पहिल्याच ओळीवर विचारतो, रकाना रिकामा आला तर? त्याखाली, 03/04 मध्ये तारीख कुठली आणि महिना कुठला, आपला एक ग्राहक अमेरिकेतला आहे. मग, तुझी फाइल दहा ओळींची होती म्हणून चाललं. दहा लाख ओळींची आली तर सगळी एकदम मेमरीत का घेतेस? पुढे, इथे चूक झाली तर तुझा कोड ती गिळून गप्प बसतो; निदान ओळीचा क्रमांक लॉगमध्ये लिही, नाहीतर रात्री दोन वाजता सपोर्टवाल्याने काय शोधायचं? आणि ‘टेम्प-टू’ हे काय नाव झालं? आणि टेस्ट कुठे आहे? ती पुन्हा लिहिते. पुन्हा शेरे येतात, पहिल्यापेक्षा कमी. तिसऱ्या फेरीला कोड मर्ज होतो. चार दिवस, चाळीस ओळी. यातला एकही प्रश्न परीक्षेत येत नाही. कुठल्याही ऑनलाइन कोर्सने तिच्या कोडवर बोट ठेवून तो विचारला नसता. पुढच्या वेळी मात्र ती कोड लिहायला बसेल तेव्हा रिकामा रकाना तिला आपोआप आठवेल. इंटर्नशिपमधून मिळतं ते एवढंच, आणि ते पुष्कळ आहे.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांचा 1985 सालचा एक निबंध आमच्या क्षेत्रात अजून वाचला जातो. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅमिंगमध्ये मुख्य गोष्ट तयार होते ती करणाऱ्यांच्या डोक्यात: हा प्रश्न काय आहे, आपण तो असाच का सोडवला, उद्या बदल आला तर तो कुठे बसेल, याची समज. नुसता कोड आणि कागदपत्रं हातात देऊन ती दुसऱ्याला पोचवता येत नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या सोबत बसून, त्यांच्या देखरेखीखाली काम केलं तर नव्या माणसाला ती येते. नाउर यांना पुढे 2005 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. इंटर्नशिपचा याहून चांगला बचाव मला माहीत नाही. आणि बहुतेक इंटर्नशिपवरचा याहून कडक ठपकाही नाही.

तर आता ‘मिळेल ते काम घ्या’. मिळतं काय? कंपनीच्या इन्स्टाग्रामसाठी गुढीपाडव्याचं पोस्टर. इंटरनेटवरून दुकानदारांचे फोन नंबर गोळा करून एक्सेलमध्ये भरणं, म्हणजे सेल्सवाले त्यांना पिडायला मोकळे. हजारो फोटोंतल्या गाड्यांभोवती माउसने चौकोन काढणं. याला ‘एआय इंटर्न’ म्हणतात. एचआरकडे आलेले बायोडेटा फोल्डरमध्ये लावणं. हे सगळं निमूटपणे, हसतमुखाने केलं की म्हणे एक दिवस वरिष्ठांचं लक्ष जातं आणि खरं काम मिळतं. सहसा उलटं घडतं. पोस्टर चांगलं करणाऱ्या मुलाकडे पुढच्या सणाचं पोस्टर येतं. हरकाम्या म्हणून एकदा ठरलात की त्या खुर्चीतून उठणं अवघड असतं, आणि दोन महिने म्हणजे काही जन्म नव्हे. गाण्याच्या शिकवणीत सूर चुकला हे सांगायला कोणी नसेल तर रियाज वाढवून चूकच पक्की होते. नुसत्या कष्टाचं इथेही तेच होतं.

यावर लगेच कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला मुलांनी साधी कामं करायला नकोत. छे. काम साधं असण्याशी माझं भांडण नाही. हाताने टेस्टिंग करणं हे आमच्याकडे सगळ्यात खालचं काम समजतात, इंटर्नच्या गळ्यात तेच घालतात, आणि मुलंही तोंड वाकडं करतात. पण तेच काम कोणी वाचत असेल तर ती उत्तम शाळा आहे. ‘लॉगिन चालत नाही’ असा बग लिहून आणलेल्या मुलाला जर कोणी परत पाठवलं, की कुठल्या ब्राउझरमध्ये, काय टाइप केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, पुन्हा करून बघितलंस तेव्हाही झालं का, दुसऱ्या खात्याने केलंस तर, हे सगळं लिहून आण, तर महिनाभरात तो मुलगा प्रणाली कुठे मोडू शकते याचा नकाशा डोक्यात घेऊन फिरू लागतो. असे काही जण मी पुढे उत्तम प्रोग्रॅमर झालेले पाहिले आहेत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर हेच टेस्टिंग एक्सेलमध्ये ‘पास’, ‘पास’, ‘फेल’ भरत दोन महिने काढलेली मुलंही पाहिली आहेत. काम एकच. एकाचा बग-रिपोर्ट कोणीतरी परत पाठवत होतं, दुसऱ्याची एक्सेल शीट कोणी उघडतच नव्हतं.

आता त्या बाजाराकडे वळू, ज्याबद्दल व्यासपीठावर कोणी बोलत नाही. फॉर्म भरला की एक-दोन दिवसांत ऑफर लेटर. मुलाखत नाही, फोन नाही. ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’, चार आठवडे, वेळ तुमच्या सोयीने. कामं तीन: कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं ॲप. मशीन लर्निंग घेतलंत तर टायटॅनिकवरचं कोण वाचेल याचा अंदाज, आणि आयरिसची फुलं ओळखणं. ती फुलांची मोजमापं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली एका शोधनिबंधात वापरली: तीन जाती, प्रत्येकीची 50, एकूण 150 फुलं. नव्वदेक वर्षं झाली. तीच 150 फुलं आपली मुलं दर सुट्टीत नव्याने ओळखतात आणि ‘मशीन लर्निंग इंटर्न’ होतात. सराव म्हणून ती फुलं चांगलीच आहेत. पण सोडवलेली उत्तरं नेटवर पडलेली असतात, जमा केलेला कोड कोणी उघडत नाही, आणि नियम एकच पक्का असतो: ऑफर लेटरची पोस्ट लिंक्डइनवर टाका, आम्हाला टॅग करा. शेवटी ‘व्हेरिफाइड’ सर्टिफिकेट हवं असेल तर अमुक रुपये भरा. म्हणजे कंपनीची जाहिरात मुलाने करायची आणि वर पैसेही त्यानेच द्यायचे. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणावं, तर इथे आवळासुद्धा देत नाहीत.

मुलं एवढी भोळी आहेत का? मुळीच नाही. त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना कागद लागतो, कारण महाविद्यालयाला कागद लागतो. आणि महाविद्यालयाला तो का लागतो, हे बघितल्याशिवाय मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, 2018 च्या मॉडेल अभ्यासक्रमात पदवीची क्रेडिट 160 वर आणली आणि इंटर्नशिप सक्तीची केली. विद्यापीठांनी ती आपापल्या चौकटीत बसवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात इंटर्नशिपला 4 क्रेडिट ठेवली गेली. हेतू चांगला होता, मी त्याच्या बाजूची आहे. पण गणित करा. 60 ची एक तुकडी, एकेका शाखेत दोन-तीन तुकड्या, एकेका शहरात डझनावारी महाविद्यालयं, आणि सगळ्यांना सुट्टी एकाच वेळी. त्या चार-सहा आठवड्यांत एवढ्या मुलांचं काम वाचायला जाणती माणसं कुठून येणार? सक्ती करणाऱ्यांनी जागा कोणी निर्माण करायच्या ते ठरवलं नाही. मागणी सक्तीची आणि माल अपुरा, म्हटल्यावर बाजारात नकली माल येणारच. तो आला. त्या मालाला ‘संधी’ म्हणून मुलांना सोनं करायला सांगणं म्हणजे दिवसाढवळ्या फसवणूक आहे.

महाविद्यालयात या सगळ्याची तपासणी कशी होते, तेही बघण्यासारखं आहे. एक डायरी असते. रोज काय केलं ते लिहायचं, आठवड्याला कंपनीतल्या मार्गदर्शकाची सही, कॉलेजातल्या गाइडची सही. बहुतेक डायऱ्या व्हायव्हाच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एका बैठकीत भरतात. सहा आठवड्यांचं अक्षर सारखं, शाई सारखी, ‘पायथॉनच्या मूलभूत संकल्पनांचा अभ्यास केला’ सलग चार दिवस. बाहेरचे परीक्षक येतात, सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग चाळतात, सर्टिफिकेटवरचा शिक्का बघतात, ‘काय शिकलात?’ विचारतात, ‘टीमवर्क आणि टाइम मॅनेजमेंट’ हे उत्तर ऐकतात आणि गुण देतात. सगळेच पाट्या टाकतात. यात मूल तेवढं आळशी ठरतं, हे मला पटत नाही.

‘पैशाकडे बघू नका.’ हे वाक्य बोलणाऱ्याने परभणीहून किंवा चाळीसगावहून आलेल्या मुलाचा दोन महिन्यांचा हिशेब एकदा मांडावा. कॉट बेसिसचं भाडं, डिपॉझिट, मेस, हिंजवडी किंवा खराडीपर्यंतची बस, लॅपटॉप दुरुस्ती. ज्याच्या बापाचा फ्लॅट कोथरूडला आहे त्याला फुकट काम परवडतं. ज्याच्या बापाचं कापूस विकून आलेलं कर्जात गेलं त्याला परवडत नाही. म्हणजे बिनपगारी इंटर्नशिपची पहिली चाळणी गुणवत्तेची नसून पत्त्याची असते. पण ते बाजूला ठेवा. पैशाचा मुद्दा माझ्या मते याहून वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. कंपनी इंटर्नला महिना दहा हजार देते तेव्हा कोणाच्यातरी खर्चाच्या खात्यात तो आकडा दिसतो. त्या मॅनेजरला वरून विचारणा होते की या मुलाने केलं काय. मग मॅनेजर मुलाला विचारतो. आणि विचारायचं तर आधी वाचावं लागतं. फुकट माणसाचा हिशेब कोणीच मागत नाही.

पैशाचं हे महत्त्व शासनाला कळतं, असं निदान कागदावर तरी दिसतं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1973 साली अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आणले गेले. त्यात करार नोंदवावा लागतो, प्रशिक्षणाचा काळ ठरतो, विद्यावेतन द्यावंच लागतं. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हा पदवीधरासाठी किमान 9,000 रुपये ठरले. महाराष्ट्राने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय आणि पदविकावाल्यांना 8,000, पदवीधरांना 10,000. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली, महिना 5,000 रुपयांची. शिकणाऱ्याच्या वेळेलाही किंमत असते हे तीनही ठिकाणी मान्य केलं आहे. गंमत अशी, की राज्याची आणि केंद्राची ही दोन्ही नवी दारं उघडली तेव्हा पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांना बंद होती. तिसऱ्या वर्षाला बसलेल्या, सक्तीने इंटर्नशिपला पाठवलेल्या मुलाला ना करार, ना किमान रक्कम, ना तक्रारीची खिडकी. त्याच्या वाट्याला उरतं ते फक्त भाषण.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. त्या म्हणतात, इंटर्न आम्हाला महाग पडतो. सीनियरचा वेळ जातो, काम मागे पडतं. अगदी बरोबर. फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हेच मांडलं होतं, की उशीर झालेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली तर तो आणखी लांबतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. शिकवणं फुकट होत नाही. पण मग ज्या कंपनीला पंधरा इंटर्न घेऊनही काहीच महाग पडत नाही, तिथे शिकवणं होतच नसणार, हे त्यांच्याच बोलण्यातून निघतं. ज्या टीममध्ये एकच टीम लीड आहे आणि त्याच्यामागे तीन क्लायंट लागलेत, त्या टीममध्ये पंधरा मुलं बसवणं म्हणजे पंधरा खुर्च्या भरणं. एक घ्या. त्याला बरी रक्कम द्या. त्याचं वाचा. बाणेरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, जिथे मालक स्वतः रात्री बसून इंटर्नच्या कोडवर शेरे लिहितो, तिथे मिळेल ते काचेच्या टॉवरमध्ये गळ्यात ओळखपत्र घालून मिळेलच असं नाही. पालकांना हे पटत नाही. त्यांना मोठं नाव हवं असतं, नातेवाइकांना सांगायला सोपं जातं.

एक नवा युक्तिवाद अलीकडे कानावर येतो: आता कोड एआय लिहितं, इंटर्नची गरजच काय, आणि मुलांनी तरी कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं. मला तर यातून उलटंच निघताना दिसतं. दोनशे ओळी मिनिटात तयार होतात तेव्हा त्या लिहिण्याला किंमत राहत नाही, त्या समजून त्यांची जबाबदारी घेण्याला राहते. ‘हे असं का केलंस?’ या प्रश्नाला ‘चॅटजीपीटीने दिलं’ हे उत्तर आलं की आमच्याकडचं संभाषण तिथेच थांबतं. तो प्रश्न विचारणारं माणूस समोर असण्याची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे.

ओळखी वाढवण्याबद्दल फार लिहीत नाही. ज्याने तुमचा कोड तीनदा परत पाठवला, त्याला तुमचं नाव वर्षांनंतरही आठवतं. कँटीनमध्ये सेल्फी काढलेल्या व्हाइस प्रेसिडेंटला आठवत नाही.

मग विद्यार्थ्याच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि जे आहे ते त्या उपदेशाच्या बरोब्बर विरुद्ध आहे. विचारणं हातात आहे. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा आपली मुलं, विशेषतः मराठी माध्यमातून आलेली, ‘नो सर’ म्हणून उठतात. उठू नका. माझं काम कोण तपासणार, त्या व्यक्तीचं नाव काय, हे विचारा. पहिल्या आठवड्यात मला काय करायला द्याल? माझा कोड कंपनीच्या रिपॉझिटरीत जाणार की माझ्याच लॅपटॉपवर राहणार? इंग्रजी अडत असेल तर मराठीत विचारा. पुण्यात, नाशकात, नागपुरात समोरच्याला ते कळतं. उत्तर ‘अमुक ताई आहेत, दोन आठवड्यांचे स्प्रिंट असतात, तुझ्या पुल रिक्वेस्ट त्या बघतील’ असं आलं तर पैसे थोडे कमी असले तरी विचार करा. ‘आमच्याकडे एआय, क्लाउड, ब्लॉकचेन सगळ्यावर काम चालतं, तुला खूप एक्सपोजर मिळेल’ असं आलं तर समजा की वाचणारं कोणी नाही.

आत गेल्यावरही आपलं काम वाचलं जावं याची सोय आपणच थोडी करू शकतो. दोन हजार ओळींची पुल रिक्वेस्ट कोणी वाचत नाही, वाचल्यासारखं करून मंजूर करतं. पन्नास ओळींची वाचली जाते. म्हणून काम तोडून, लहान तुकड्यांत पाठवा. अडलात तर ‘चालत नाहीये’ एवढंच लिहू नका. एररमध्ये काय म्हटलंय, तुम्ही काय काय करून बघितलं, आता अंदाज काय आहे, ते चार ओळींत लिहा, म्हणजे गुंतलेल्या माणसालाही उत्तर देणं सोपं जातं. आणि दोन आठवडे कोणीच काही वाचलं नाही, तर जाऊन तसं स्पष्ट बोला. तरीही काही हललं नाही तर सोडा. इंटर्नशिप अर्धवट सोडणं हा काही गुन्हा नाही. मुलाला हे सांगणारा वक्ता मला अजून भेटायचाय.

कंपनी नाही तर ओपन सोर्स, असं सुचवलं जातं. रस्ता खरा आहे. गुगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे. ‘आउटरीची’ हा उपक्रम प्रवेश मिळालेल्यांना तीन महिन्यांचे 7,000 डॉलर देतो. आपल्या पवईत आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प फेलोशिपवर मुलं घेतो. या ठिकाणी मार्गदर्शक ठरलेला असतो. पण इथेही दाखवायच्या वस्तूच्या हव्यासाने काय होतं ते 2020 च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ओपन सोर्सच्या उपक्रमात दिसलं. चार पुल रिक्वेस्ट द्या, टी-शर्ट मिळवा, अशी योजना. लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या रीडमी फाइलींत एखादा फालतू शब्द घुसडून रिक्वेस्टचा पाऊस पाडला, आपल्याकडची मुलंही त्यात मागे नव्हती. फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणारी माणसं वैतागली आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी आहे त्यांच्यापुरतीच योजना ठेवावी लागली. वाचणाऱ्याचा वेळ ही त्या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात दुर्मीळ वस्तू. ती फुकट आहे असं धरून चाललं की व्यवस्थाच कोसळते.

महाविद्यालयांनी ‘कंपन्याच मिळत नाहीत’ म्हणून हात वर करू नयेत. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात संस्थेतल्या संस्थेत करायच्या कामांना आणि ग्रामीण इंटर्नशिपलाही जागा आहे. हॉस्टेलच्या मेसचा हिशेब, ग्रंथालयाची देवघेव, जवळच्या ग्रामपंचायतीची पाणीपट्टी, यांसाठी लागणारी खरी प्रणाली दहा मुलांनी लिहावी आणि विभागातल्या दोन शिक्षकांनी तिचा कोड ओळीओळीने वाचावा. आयरिसची फुलं ओळखण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. शिक्षकांना वेळ नाही हे मला माहीत आहे. मग 4 क्रेडिटसाठी तो वेळ त्यांच्या कामाच्या तासांत मोजा, आणि व्हायव्हाला बाइंडिंग बंद ठेवून गिटचा इतिहास उघडा. कोणत्या तारखेला काय लिहिलं, त्यावर कोणी काय शेरा मारला, मुलाने तो कसा निस्तरला, हे पाच मिनिटांत दिसतं. ते एका रात्रीत भरता येत नाही.

टीपीओ सरांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या हंगामात कंपनीचं इंटर्नशिपचं पत्रक आलं की एचआरला परत एक मेल टाका आणि विचारा: आमच्या मुलांचं काम कोण वाचणार, त्यांची नावं कळवा, आणि एका नावामागे मुलं किती, तेही लिहा. नावं आली तर पत्रक नोटीस बोर्डावर लावा, नावांसकट. नाही आली तर लावू नका.